आधी घरचं मीटर, मग गाडी

मागच्या अंकात जळालेल्या पंपांबद्दल लिहिताना एक वाक्य सहज निसटलं होतं, की माझ्या दुकानासमोर आता इलेक्ट्रिक कार उभी असते. पंपांबद्दल तीन पत्रं आली, गाडीबद्दल पिशवीभर. म्हणून या महिन्याचं पान गाडीला.

आधी सांगून ठेवतो, मी इंजिनियर नाही. आर्वी तालुक्यात पस्तीस वर्षांपासून मोटरी बांधतो. तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग आणि कोळसा झालेली मोटर बैलबंडीत टाकून आलेला शेतकरी, हे माझं जग. २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला २४ युनिटं वीज मावणारी बॅटरी असलेली छोटी कार घेतली. तीन उन्हाळे काढले, ५८ हजार किलोमीटर झाले. जे सांगतो ते तेवढ्या पुंजीवर.

प्रश्न : भाऊ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रोजचं जाणं-येणं ७० किलोमीटर. पेट्रोलला महिन्याचे दहा हजार जातात. शोरूमवाला म्हणतो, मॅडम, इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला फक्त एक रुपया. हे खरं आहे का? आमच्या घरचं बिल ११० युनिटांच्या आसपास येते.
एक शिक्षिका, दारव्हा

ताई, तो एक रुपया खोटा नाही. पण तो पहिल्या शंभर युनिटांचा रुपया आहे, आणि ती शंभर युनिटं तुमचा फ्रिज, पंखे आणि पाण्याची मोटर आधीच खाऊन बसली आहेत. गाडीच्या वाट्याला येते पुढचं, महागाचं युनिट.

बिल हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. घरगुती बिल टप्प्यांत असते: १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा. दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट, तिसरा त्याच्याही वर. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या. मी इथे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणून देण्याचा आकार, धरून दुसऱ्या टप्प्याला १२ आणि तिसऱ्याला १६ रुपये असा मोटा हिशोब करतो.

महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १,६८० किलोमीटर. छोटी कार युनिटमागे निदान सात किलोमीटर जाते, तेव्हा बॅटरीतून २४० युनिटं गेली. पण भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही. चार्जर तापतो, वायर तापते, बॅटरीही थोडी तापते, आणि तो ताप मीटरवर चढतो. मीटरवर धरा २७५. घरची ११० धरून एकूण ३८५. त्यात गाडीची १९० युनिटं दुसऱ्या टप्प्यात, ८५ तिसऱ्या टप्प्यात. २,२८० अधिक १,३६०, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. झाले सव्वाचार हजार. किलोमीटरला अडीच रुपये.

पेट्रोलचा हिशोब: लिटरला १७ चा ॲव्हरेज, १०५ रुपये भाव, म्हणजे दहा हजार तीनशेच्या वर. महिन्याला सहा हजार वाचतात. शाळेचे दहा महिने धरले तर वर्षाचे साठ हजार. एक रुपयाचं स्वप्न गेलं, पण साठ हजार काही थोडे नाहीत.

आता ते साठ हजार कशातून वजा करायचे ते बघा. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. इलेक्ट्रिकचा ५ होता, तो ५ च राहिला. त्यामुळे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोघींच्या किमतीतलं अंतर वाढलं. छोट्या गाड्यांत ते आज अडीच-तीन लाखांचं आहे. तुमच्या रनिंगला ते चार-पाच वर्षांत निघते. तुमच्या जागी मी असतो तर घेतली असती. पण गाडीच्या आधी तीन गोष्टी केल्या असत्या.

पहिली, मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते. गावातल्या जुन्या घरांचा भार एखाद-दोन किलोवॉटच असतो. गाडी १५ अँपिअरच्या प्लगवर एकटीच तीन किलोवॉटच्या वर ओढते. महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्या. भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर तुम्हाला कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. रोजच्या ७० किलोमीटरला साधा प्लग चार तासांत पुरा पडतो, आणि रात्र चार तासांपेक्षा मोठी असते.

दुसरी, प्लग. इथे माझी फजिती ऐका. मोटरी बांधणारा माणूस, म्हटलं मला काय शिकवता, आणि दुकानातला कूलरचा जुना सॉकेट गाडीला लावला. आठव्या दिवशी सकाळी जळक्या प्लास्टिकचा वास. सॉकेटचं तोंड वितळून प्लगला चिकटलं होतं. इस्त्री पंधरा मिनिटं चालते, गाडी सलग सहा तास पूर्ण करंट ओढते. घरगुती सॉकेटची पत्ती एवढी सोसत नाही. बायको म्हणाली, "लोकायले सांगता, अन् सोताच्या घरी?" त्यानंतर मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, जास्त करंट गेला की पडणारी वेगळी एमसीबी, वीज गळाली की लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि कारखान्यात असतो तसला निळा इंडस्ट्रियल सॉकेट. खर्च पाच आकडी झाला नाही.

तिसरी, अर्थिंग. याच्यावर मी तासभर बोलू शकतो. आपल्याकडे अर्थिंग म्हणजे घर बांधताना मिस्त्रीने पुरलेला एक पाइप, त्यानंतर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पंख्याला, टीव्हीला त्याची फिकीर नसते. गाडीच्या चार्जरला असते. अर्थिंग कच्ची असली तर तो लाल दिवा दाखवतो आणि चार्ज करायला साफ नाही म्हणतो. पहिल्याच मे महिन्यात माझी गाडी तीन दिवस रुसली. सर्व्हिसवाल्याला फोन केला, तो म्हणाला गाडी टोचन करून आणा. मी मात्र खड्ड्याजवळ गेलो. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी फाटते ते तुम्हाला माहीत आहे; पाइपाच्या भोवती हात जाईल एवढी भेग पडली होती. पाइप मातीला टेकतच नव्हता, अर्थ मिळणार कुठून! दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभरात हिरवा दिवा. पुढे नवा खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, वर एक माठ फोडून उलटा बसवला. होळीपासून मृगापर्यंत तुळशीला पाणी घालताना एक तांब्या तिथेही जातो.

व्होल्टेजचंही सांगतो. उन्हाळ्यात संध्याकाळी गावातले सगळे कूलर सुरू झाले की एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो आणि व्होल्टेज १७०-१७५ वर बसते. माझा चार्जर तेव्हा थांबतो. अकरानंतर, लोकांच्या मोटरी-टीव्ही बंद झाल्यावर, लावायचा. गाडीत वेळ ठरवून देता येते, उठावं लागत नाही.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर गाडीसोबतच करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी आहे. एक किलोवॉट आपल्या उन्हात दिवसाला चार युनिटांच्या आसपास देते, पावसाळ्यात कमी. तीन किलोवॉट म्हणजे महिन्याची साडेतीनशे युनिटं, म्हणजे तुमचं घर आणि गाडी जवळजवळ मिळून. मग तुम्हाला दुसरा-तिसरा टप्पा बघायची वेळच येत नाही.

प्रश्न : माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षांत बसली, मोबाइलची दोन वर्षांत. मग गाडीची लाखांची बॅटरी आठ वर्षं टिकते यावर काहून विश्वास ठेवावा? त्यात आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ च्या खाली येत नाही.
एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर, ब्रह्मपुरी

पोस्टमास्तर साहेब, शंका रास्त आहे, फक्त तुम्ही बैलाची तुलना म्हशीशी करत आहात. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची आणि ॲसिडची. पाणी घालायला विसरलं, दोन-चार वेळा तळापर्यंत उतरवली, की तिच्या प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि ती जाते. गाडीची बॅटरी लिथियमची. तिच्यात शेकडो सेल असतात आणि त्यांच्यावर एक राखणदार सर्किट बसवलेलं असते, ते कोणत्याच सेलला जास्त भरू देत नाही आणि पुरता रिकामाही होऊ देत नाही. तुमच्या मोबाइलमध्येही लिथियमच आहे, पण त्याला थंड करायला कोणी नाही, आणि तो आपण रोज शंभरावरून पाचावर आणतो.

उन्हाची गोष्ट मात्र तुम्ही बरोबर पकडली. आमच्या धंद्यात एक जुना आडाखा आहे: मोटर ठरलेल्या तापमानापेक्षा दहा अंश जास्त तापली की तिच्या इन्सुलेशनचं आयुष्य अर्ध्यावर येते. माझ्या दुकानात येणारी मोटर म्हातारपणानं क्वचितच मेलेली असते, तापानं मेलेली असते. बॅटरीच्या पोटातही रसायनंच आहेत. ताप वाढला की नको त्या क्रियांचाही वेग वाढतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरात, उन्हाळा आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीसारखाच. तिथे २०११-१२ च्या सुरुवातीच्या निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्या एक-दोन वर्षांतच उतरायला लागल्या, लोक कोर्टात गेले, आणि कंपनीला बॅटरीच्या क्षमतेची वॉरंटी द्यावी लागली. त्या गाडीची बॅटरी पाण्यानं थंड होणारी नव्हती. म्हणून गाडी घेताना रंग नंतर निवडा; आधी विचारा, बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का. बहुतेक नव्या गाड्यांत असते, सगळ्यांत नाही.

दुसरा प्रश्न विचारा, बॅटरी एलएफपी की एनएमसी. एलएफपीत लोखंड आणि फॉस्फेट असते. ती वजनाला जड, पण ताप जास्त सोसते, पेट घ्यायला नाखूश, आणि दोन-तीन हजार वेळा पूर्ण भरून रिकामी केली तरी बरीचशी शाबूत राहते. एनएमसीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. तेवढ्याच वजनात जास्त अंतर देते, पण तिला रोज शंभर टक्के भरू नये, ऐंशीवर थांबावं. एलएफपीला उलट आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगतात, नाहीतर राखणदार सर्किटाचा अंदाज चुकत जातो आणि काटा वीस टक्के दाखवता दाखवता गाडी धुऱ्यावर उभी राहते.

दोन हजार वेळा म्हणजे किती? माझी गाडी एका चार्जमध्ये १८० जाते. दोन हजार गुणिले १८०, साडेतीन लाख किलोमीटर. तेवढं मी या जन्मी फिरत नाही. फिरण्यानं बॅटरी झिजण्याआधी वयानं आणि उन्हानं झिजेल. म्हणून माझे तीन नियम आहेत. गाडी कडुलिंबाखाली किंवा मातीच्या भिंतीच्या गोठ्याला लागून ठेवतो. टिनाच्या शेडखाली नाही, कारण दुपारी टिनाखाली भाकर भाजता येईल. मे महिन्यात दुपारी लांबून तापून आलेल्या गाडीला लगेच फास्ट चार्जर लावत नाही, आधी अर्धा तास चहा. आणि पंधरा दिवस गावाला जायचं असेल तर पूर्ण भरून ठेवत नाही, अर्ध्यावर सोडतो.

या नियमांनी काय मिळालं? नवी होती तेव्हा १९५ जायची, आता १८०. सात-आठ टक्के गेले. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हमी देतात, आणि साधारणपणे तिचा अर्थ असा की तेवढ्या काळात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर जबाबदारी त्यांची. किती टक्के, कोणाला, गाडी विकली तर पुढच्या मालकाला मिळते का, हे कागदावर घ्या. आणि आठ वर्षं झाली म्हणजे बॅटरी फुटते असं नाही, ती १८० ऐवजी १३५-१४० नेते. ब्रह्मपुरीहून नागभीडला जाऊन यायला तेवढं पुष्कळ झालं.

बदलायचीच वेळ आली तर पैसा मोठा लागेल, हे लपवत नाही. पण २०१० मध्ये जगात किलोवॉट-तासाला, म्हणजे एका युनिटाच्या बॅटरीला, हजार डॉलरच्या वर पडायचे; २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलर. शोरूममध्ये सुट्या बॅटरीचा भाव एवढा खाली आलेला दिसत नाही, तरी दिशा खालचीच आहे. शिवाय बॅटरीचा पॅक मॉड्यूलांचा, म्हणजे सेलांच्या सुट्या गठ्ठ्यांचा, असतो. एक मॉड्यूल बिघडलं तर तेवढंच बदलता येते का, हेही आधीच विचारा. पूर्ण वाइंडिंग भरायची की एकच कॉइल, हा प्रश्न मी रोज गिऱ्हाइकाला विचारतो, गाडीवाल्याला विचारायला काय हरकत आहे!

प्रश्न : शेतातल्या पंपाचं कनेक्शन आहे, बिल सध्या माफ आहे. गाडी शेतातच उभी करून तिथे चार्ज केली तर फुकटात काम होईल ना?
एक संत्रा उत्पादक, वरूड

भाऊ, होईल, महावितरणचं फ्लाइंग स्क्वॉड तपासायला येईपर्यंत. कनेक्शन ज्या कामासाठी दिलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. आकारणी लागू दराच्या दुपटीनं होते. शिवाय शेतातली लाइन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक फेज गेला की दोन फेजवर तीनशे-चारशे व्होल्टचा खेळ सुरू होतो. त्या लाइननं जळालेल्या मोटरींवर माझी तीन पोरं शिकली. पंपाची मोटर मी बांधून देईन, गाडीचा चार्जर बांधून देता येत नाही. घरच्या मीटरवर लावा.

प्रश्न : आम्ही औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर राख बसते. शहरातले लोक इलेक्ट्रिक गाडीत बसून "झिरो पोल्युशन" म्हणतात तेव्हा हसू येते. तुम्हीही तसंच म्हणणार का?
एक वाचक, ऊर्जानगर, चंद्रपूर

नाही म्हणणार. तुमचं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं.

गाडीच्या मागे लिहिलेलं "झिरो" गाडीच्या मागच्या नळीपुरतं आहे. वीज येते कुठून? चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं ३,३००, खापरखेडा १,३४०, शिवाय कोराडी आणि पारस. कोळसा वणी, बल्लारपूर, उमरेडच्या खाणींतला. राज्याच्या कोळशावरच्या विजेचा मोठा हिस्सा विदर्भात तयार होतो. कोणी पुण्यात गाडी चार्ज केली तर तिथल्या चौकातला धूर कमी होतो, हे खरंच आहे आणि चांगलं आहे. पण त्याचा काही भाग चिमणीवाटे तुमच्या कुरडयांवर येतो.

मी एका संध्याकाळी हिशोब मांडला. शंभर किलोमीटरला मीटरवर १६ युनिटं. तारांमधली गळती धरून केंद्रातून निघाली १९. आपला कोळसा हलका. युनिटाला साधारण ६५० ग्रॅम जळतो, म्हणजे सव्वाबारा किलो कोळसा. त्यात तीस-चाळीस टक्के राखच असते. शंभर किलोमीटरमागे चार किलो राख! त्यातली बहुतेक यंत्रात अडकते आणि बंधाऱ्यात, विटांत, सिमेंटात जाते, चिमणीतून थोडीच सुटते. पण चार किलो काही थोडं वजन नाही. माझी गाडी महिन्याला पाऊण क्विंटल राख करते, हे कळल्यावर मी दोन दिवस गाडीबद्दल बढाई मारली नाही.

कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशात युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडं वर निघतो. १९ युनिटांना १३-१४ किलो. पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला सहा लिटर पिते, लिटरला २.३ किलो, म्हणजे पावणेचौदा, आणि तेल काढून, शुद्ध करून, टँकरनं आणण्याचे आणखी दोन-अडीच. सोळा. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवर फायदा फक्त पंधरा-वीस टक्क्यांचा. त्यात बॅटरी बनवतानाच दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. शंभर किलोमीटरला अडीच किलोनं ते कर्ज फेडायला सत्तर हजार किलोमीटर चालवावं लागते. माझी गाडी ५८ हजारांवर आहे. मी अजून कर्जदार आहे.

हेच छतावरच्या सोलरवर केलं तर शंभर किलोमीटरला पंधराएक किलोची बचत, आणि कर्ज बाराएक हजार किलोमीटरमध्ये फिटलं. पण इथेही एक पळवाट आहे, तीही सांगतो. दुपारी तुमच्या छतावरची वीज लाइनमध्ये जाते, रात्री गाडी लाइनमधून घेते, आणि रात्रीची वीज बहुतेक कोळशाचीच असते. बिलात वजावट होते, चिमणी रात्री बंद होत नाही. मी दुकानात बसणारा माणूस, म्हणून आता गाडी दुपारी अकरा ते तीन लावतो. शाळेत जाणाऱ्या ताईंना ते जमणार नाही, त्यांना रविवारी जमेल. देशाची निम्मी स्थापित क्षमता २०२५ मध्ये कोळसा-तेल-वायूच्या बाहेरची झाली अशी बातमी आपण वाचली. ती बरोबर आहे. पण स्थापित क्षमता म्हणजे गोठ्यातल्या गाई, दूध नव्हे. प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे.

तरी एक गोष्ट पेट्रोल गाडीला जमत नाही. ती जन्मली तशीच मरते, वर्षागणिक जास्तच धूर काढते. माझी गाडी लाइन सुधारली की आपोआप सुधारते. तुमच्या केंद्रातला एक जुना संच बंद होऊन त्याची वीज सोलरमधून आली, तर इथे आर्वीत मी काहीही न करता माझी राख कमी होते. तोवर, भाऊ, तुमचा राग ठेवा. तो बरोबर ठिकाणी आहे.

बॅटरी संपल्यावर तिचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. भंगारवाल्याला देऊ नका. आमच्या गावचा भंगारवाला तांब्यासाठी माझ्या दुकानातल्या झाडूच्या केरालासुद्धा भाव करतो, तो तिला पहारीनं उघडेल.

प्रश्न : महिन्याला जास्तीत जास्त ३०० किलोमीटर चालते माझी गाडी. जुनी पेट्रोल आहे, ठणठणीत आहे. पर्यावरणासाठी विकून इलेक्ट्रिक घ्यावी काय?
एक वाचक, मोर्शी

नको. वरचं सत्तर हजारांचं गणित तुमच्या रनिंगला लावा, एकोणीस वर्षं लागतात. आहे ती गाडी ट्यून करून चालवा, टायरमध्ये हवा ठेवा, आणि पैसा असेलच तर आधी छतावर सोलर घाला.

प्रश्न : समृद्धीवरून मुंबईला मुलाकडे जातो. इलेक्ट्रिकला टोल नाही म्हणतात. छोटी गाडी नेऊ का?
एक दाम्पत्य, मेहकर

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, ते खरं. पण वाऱ्याला माफी नाही. वेग दीडपट केला की हवेचा अडथळा सव्वादोनपट होतो. ८० नं चालवली तर १८० जाणारी माझी गाडी ११५ नं हाणली तेव्हा १२५ वर रडायला लागली. मी एकदा शिर्डीला निघालो होतो. ज्या चार्जरच्या भरवशावर होतो तो बंद, दुसऱ्यावर आधीच दोघं रांगेत. जेवणाचा डबा तिथेच संपला, शेजारती चुकली. तुम्ही दोघं निवांत माणसं असाल, ८०-८५ नं डाव्या लेनमधून जायची तयारी असेल, आणि चाळीस युनिटांच्या वरची बॅटरी असेल, तर जा. प्रत्येक टप्प्याला दोन चार्जर आधी फोन करून ठेवा. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचं युनिट वीस रुपयांच्या मागेपुढे पडते, म्हणजे किलोमीटरचे पैसे पेट्रोलच्या जवळ सरकतात. छोटी २४ वाली असेल तर रेल्वेनं जा आणि गाडी शेगावला ठेवा.

प्रश्न : घरात सोयाबीनची थप्पी आहे, म्हणून उंदरांचा सुळसुळाट. त्यांनी इलेक्ट्रिक गाडीची वायर कुरतडली तर गाडीला हात लावल्यावर शॉक बसेल का?
एक शेतकरी, हिंगणघाट

शॉक बसायची भीती फार नाही. जास्त दाबाच्या केबली जाड आणि केशरी रंगाच्या असतात, त्यांची गळती गाडी सतत तपासत राहते आणि काही बिघडलं की स्वतःच वीज तोडते. फक्त केशरी वायर कुरतडलेली दिसली तर टेप मारायला जाऊ नका, गावच्या वायरमनलाही हात लावू देऊ नका, मलाही नाही. उंदीर बहुधा बारीक वायरी खातात, सेन्सरच्या. त्यांनी शॉक बसत नाही, पण गाडी सुरू होत नाही आणि बिल येते. इन्शुरन्समध्ये उंदराचं नुकसान धरतात की नाही ते आधी वाचून घ्या.

माझ्याकडे हा त्रास इलेक्ट्रिक आल्यावरच सुरू झाला, आणि त्याचं कारण शोधायला मला दोन महिने लागले. पेट्रोल गाडी होती तेव्हा रात्री तिचं बॉनेट गरम असायचं आणि आमची मांजर त्यावर येऊन झोपायची. या गाडीचं बॉनेट थंडच असते, म्हणून मांजर आता चुलीजवळ झोपते आणि गाडीखाली उंदीर मोकळे. मी खालून बारीक जाळी ठोकून घेतली, आणि बॉनेटवर एक जुनी गोधडी टाकली. मांजर तीन दिवसांआड येते.